रेडीमेड की शिवून? बेंबळीतले तीन दिवस

‘लाँग वीकएंडला कुठे?’ या प्रश्नाची आमच्या ग्रुपमध्ये ठरलेली उत्तरं आहेत. लोणावळा, अलिबाग, महाबळेश्वर, आणि कुणाचा बोनस झाला असेल तर गोवा. या वेळी मी म्हटलं, ‘बेंबळी.’ टेबलावर दोन सेकंद शांतता. मग एकीनं विचारलं, ‘नवीन रिसॉर्ट आहे का गं?’

नाही हो. बेंबळी हे माझ्या मामाचं गाव. धाराशिव शहरापासून साधारण वीस किलोमीटरवर. तिथे स्विमिंग पूल नाही, ‘व्हॅली व्ह्यू’ नाही आणि कॅपुचिनो तर अजिबात नाही. काळी जमीन आहे, तूर-हरभरा-ज्वारी आहे, काळ्याभोर शेळ्या आहेत. आणि माझ्या मामेभावाच्या खोलीत एक गेमिंग लॅपटॉप आहे. त्या लॅपटॉपसमोर बसून आम्ही दोघं सॉलिड भांडलो, त्याची ही गोष्ट.

भांडण कशावरून? तर गेममधला हिरो तयार घ्यायचा, की आपला आपण बनवायचा. म्हणजे शर्ट रेडीमेड घ्यायचा की शिवून, तसंच. टाइमपास वाटतंय ना? मलाही पहिल्या रात्री तसंच वाटलं होतं.

व्हाया बार्शी

पुण्याहून सकाळची एसटी धरली. सोलापूर रोडनं टेंभुर्णीपर्यंत सगळं ओळखीचं. टोलनाका, फूडमॉल, चिक्की. टेंभुर्णीला हायवे सोडून कुर्डुवाडीकडे वळलात की खिडकीतलं चित्र बदलतं. बार्शी मागे पडली की रस्ता बालाघाटच्या पठारावर चढायला लागतो आणि थंडीच्या दिवसांत दोन्ही बाजूंना ज्वारी डोलायला लागते. माझ्या शेजारच्या आजोबांनी ‘कुणाच्या घरी जायलीस?’ विचारून, मामाचं नाव ऐकून, त्याच्या आजोबांपर्यंतची सगळी हिस्ट्री मला ऐकवली. मी कुठे नोकरी करते हे मात्र त्यांनी विचारलं नाही. तुम्ही कोण, हे इथे तुम्ही येण्याआधीच ठरलेलं असतं.

धाराशिवला उतरलात की पाट्या वाचा. हैदराबादचा शेवटचा निजाम मीर उस्मान अली खान, त्याच्या नावावरून हे शहर उस्मानाबाद झालं होतं. २०२३ मध्ये सरकारदरबारी ते पुन्हा धाराशिव झालं. जुन्या माणसांच्या तोंडात दोन्ही नावं आहेत. शेळीची जात मात्र अजून ‘उस्मानाबादी’च! शहराला नाव बदलून मिळालं, शेळीला कोणी विचारलंच नाही.

तिथून दुसरी बस, आणि संध्याकाळी बेंबळी. मामीनं भाकरीतुकडा ओवाळून टाकला, आजीनं गालावरून हात फिरवून बोटं मोडली आणि मामा म्हणाला, ‘बरं झालं आलीस. परवा वेळ अमावस्या हाय. शेतात जेवायला माणसं पाहिजेत.’

दीडशे जीबीचा पाहुणा

मामेभाऊ चोवीस वर्षांचा. बीएस्सी ॲग्री. मला ‘ताई’ म्हणतो आणि मी पाच वर्षांनी मोठी आहे याचा काडीचा मुलाहिजा ठेवत नाही. त्याच्या खोलीत खताची दोन पोती, बियाण्यांच्या कंपनीचं कॅलेंडर आणि टेबलावर लाल दिव्यांचा तो लॅपटॉप, हॉस्टेलमधल्या मित्राकडून सेकंडहँड घेतलेला. गेमही हॉस्टेलच्या वायफायवरच उतरवला, कारण त्याला दीडशे जीबी जागा लागते. ‘बेंबळीत बसून उतरवायला घेतला असता,’ तो म्हणाला, ‘तर पुढची वेळ अमावस्या आली असती.’

गेमचं नाव बाल्डर्स गेट ३. बेल्जियमच्या लारियन स्टुडिओजनं तो ऑगस्ट २०२३ मध्ये काढला आणि त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये ‘गेम ऑफ द इयर’ त्यालाच मिळालं. याचं मूळ कॉम्प्युटरच्याही आधीचं. १९७४ मध्ये अमेरिकेत ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा खेळ आला. चार मित्र टेबलाभोवती बसायचे, कागदावर एकेक पात्र लिहायचे, फासे टाकायचे आणि गोष्ट रचायचे. बाल्डर्स गेट त्याच खेळाचे नियम पडद्यावर आणतो.

सुरुवातीलाच दोन दारं. पहिल्या दारात सहा तयार माणसं उभी. रक्तपिपासू ॲस्टॅरियन, जादूगार गेल, छातीत हृदयाऐवजी धगधगतं इंजिन असलेली कार्लाक, लढवय्यी लेझेल, स्वतःच्याच आठवणी हरवलेली शॅडोहार्ट आणि तलवारबहाद्दर विल. प्रत्येकाला नाव आहे, घर आहे, जुनी भानगड आहे. दुसऱ्या दारात कोरी पाटी. अकरा वंश, बारा पेशे, चेहरा, डोळे, शिंगं, शेपटी, आवाज, सगळं तुमच्या पसंतीनं. ताकद, चपळाई, अक्कल वगैरे सहा गोष्टींत वाटायला फक्त २७ गुण. म्हणजे पैलवानही आणि पंडितही असं जमत नाही. कुठेतरी काटकसर करावीच लागते.

‘ताई, तू कुणाला घेणार?’

‘माझी मी बनवणार. दुसऱ्याचं आयुष्य कशाला जगू?’

तो हसला. ‘पुण्याचे सगळे हेच म्हणतेत.’

पुण्याचेच नाही, जगातले सगळेच म्हणतात. गेमला वर्ष झालं तेव्हा, २०२४ मध्ये, लारियननं आकडे दिले. ९३ टक्के खेळाडूंनी स्वतः बनवलेलं पात्र घेतलं होतं. गेम आला त्या पहिल्याच वीकएंडला लोकांनी नुसतं पात्र बनवण्याच्या स्क्रीनवर मिळून ८८ वर्षं घालवली. अठ्ठ्याऐंशी वर्षं, चेहरा कसा हवा ते ठरवण्यात!

मीही पन्नास मिनिटं घेतली. हाफ-एल्फ, तिरंदाज, खांद्यापर्यंत केस, माफक हसरा चेहरा. भावानं मान तिरकी करून बघितलं. ‘ही तर तुझा लिंक्डइनचा फोटो हाय. कान तेवढे टोकदार.’

लागलं मला. कारण खरं होतं. आणि एकटी मीच नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये गेम अर्धवट अवस्थेत विक्रीला आला होता, तेव्हा लारियननं लोकांनी सगळ्यात जास्त निवडलेले पर्याय एकत्र जोडून बघितले. समोर कोण आलं? कुठल्याही गेममध्ये आधीपासूनच बसवलेला असतो तसला, चारचौघांसारखा एक साधा माणूस. आम्ही तुम्हाला शिंगं दिली, शेपट्या दिल्या आणि तुम्ही हे बनवलंत, अशी कंपनीनं खेळाडूंची जाहीर फिरकी घेतली होती.

म्हणजे बघा. शिवून घ्यायला गेलो आणि शोकेसमधल्यासारखाच शर्ट घेऊन आलो.

विल आणि त्याचा बाप

भाऊ दरवेळी विल घेतो. तीनदा खेळलाय, तिन्हीदा विल. त्याचा फंडा सोपा. ‘कोऱ्या पाटीला भूतकाळच नसतो ताई. गावात शिरलं की तिला कुणी ओळखत नाही. विलला लोकं नावानं ओळखतेत. कुणी शिव्या देतं, कुणी पाया पडतं. आपण नुसतं त्याच्या जागी उभं राहायचं आन् पुढचं निभवायचं.’

आपल्याकडचं उदाहरणही त्यानं पुढे केलं. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं २०२० मध्ये ‘राजी’ काढला. त्यात निवडानिवडीची भानगडच नाही. तुम्ही राजी, सर्कशीत कसरती करणारी पोरगी. तुमचा धाकटा भाऊ गोलू राक्षसांनी पळवलाय आणि दुर्गा तुमच्या पाठीशी आहे. निघा. ‘तिथं तू विचारलंस का, मला दुसरी पोरगी पाहिजे म्हणून?’ नव्हतं विचारलं. पहिल्या पाच मिनिटांत गोलू माझा भाऊ झाला होता. आणि तुळजाभवानीच्या जिल्ह्यात बसून दुर्गेच्या विरोधात युक्तिवाद कोण करणार?

पण माझ्याकडेही एक मुद्दा होता. तुम्ही स्वतःचं पात्र बनवलंत, तर ते सहाही जण तुम्हाला वाटेत सोबती म्हणून भेटू शकतात. रात्री मुक्कामाला शेकोटीशी बसतात आणि हळूहळू, तुमच्यावर विश्वास बसेल तसतसं, स्वतःबद्दल सांगतात. तुम्ही विलच होऊन बसलात, तर विल तुमच्याशी बोलणार कसा?

‘विलचं आहे तरी काय एवढं सांगण्यासारखं?’ मी विचारलं.

तो स्क्रीनकडे बघत म्हणाला, ‘ड्यूकचा पोरगा हाय. शहर वाचवायला सैतानाशी करार केला. कराराची अट अशी, की कामून केला ते कुणाला सांगायचं नाही. बापाला वाटलं पोरगं वाया गेलं. घराबाहेर काढलं. पोराला सांगायचंय, पण तोंड बंद.’

तेवढ्यात लाइट गेली. लॅपटॉपच्या बॅटरीवर विलचा चेहरा तेवढा उजळलेला. आणि मग भाऊ अंधारात, एकदम खालच्या आवाजात म्हणाला, ‘ताई, मला पुण्यातून ऑफर आलीय. गेम टेस्टिंगची. सहा महिन्यांचा करार. पंधरा दिवस झाले. दादांना सांगितलं नाही.’

इथे थोडं मागे जायला हवं. त्याच दिवशी संध्याकाळी मामी भाकरी थापता थापता मला म्हणाली होती, ‘तू समजाव त्याला. दुकानाचा अर्ज पडून हाय.’ मामाला मेन रोडला कृषी सेवा केंद्र टाकायचंय. गाळा बघून ठेवलाय. पण औषधांच्या, म्हणजे कीटकनाशकांच्या दुकानाचं लायसन्स मिळायला शेतकीची किंवा तसल्या विषयाची पदवी-पदविका लागते. मामाकडे ती नाही, पोराकडे आहे. पोराला बीएस्सी ॲग्री केलं ते त्यासाठीच. म्हणजे भावासाठी एक पात्र चार वर्षांपासून तयार उभं होतं. नाव, गाव, गाळा, बोर्ड, सगळं भरलेलं. त्यानं फक्त ‘सुरू’ दाबायचं होतं.

आणि त्याला समजावायला कोण बसलं होतं? जिनं पाच वर्षांपूर्वी घरच्यांचं बँकेच्या परीक्षेचं गणित मोडून मास कॉम केलं, ती मी. माझं शिवून घेतलेलं आयुष्य आतून कसं दिसतं ते सांगू? तिघींत एक फ्लॅट, चेक कधी येणार म्हणून तीन-तीन ईमेल, आणि वीकएंडला त्याच कॅफेत तोच चीज टोस्ट, जो माझ्यासारख्याच शंभर जणी खात असतात. मी काय समजावणार!

२५०, ४००, ७५०

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाला मामानं विचारलं, ‘रातीचं काय भांडायलाव दोघं?’ ऑफरचं आम्ही गाळलं. गेमचं सांगितलं. तयार माणूस बरा की बनवलेला. मामा बशीत चहा ओतत म्हणाला, ‘तुमचं ते एकेक माणूस. आमच्याकडं अख्खी गावं रेडीमेड मिळाली हायेत. मावशीकडं जाऊन या, मग बोला.’

मावशी राहते सास्तूरच्या बाजूला, भूकंपानंतर वसवलेल्या एका गावात. आम्ही बाइक काढली. वाटेत उजनी लागलं. धरणाचं नव्हे हो, औसा तालुक्यातलं, बासुंदीसाठी प्रसिद्ध असलेलं. थंडीत गाडीवरून उतरून गारेगार बासुंदी खाणं हा वेडेपणा आहे, आणि तो जरूर करावा.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या रात्री गणपती बोळवून लोक झोपले होते आणि पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीचा भूकंप झाला. रिश्टर, मॅग्निट्यूड वगैरे आपण शाळेत शिकलो. खरा घात केला तो घरांनी. दगड-मातीच्या जाडजूड भिंती आणि वर मातीचं जड माळवद. ऊन लागू नये म्हणून पिढ्यान्‌पिढ्या बांधलेलं तेच छप्पर झोपलेल्या माणसांवर बसलं. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून आठ हजारांच्या आसपास माणसं गेली.

त्यानंतर सरकारनं, जागतिक बँकेच्या मदतीनं, दोन्ही पद्धतींनी घरं उभी केली. सगळ्यात जास्त पडझड झालेली ५२ गावं जुन्या जागेवरून उचलून नवीन जागी पूर्ण बांधून दिली. सरळ रस्ते, चौकोनी प्लॉट, आणि घराचे तीन साइज. भूमिहीनांना २५० चौरस फूट, मधल्या शेतकऱ्यांना ४००, मोठ्या जमीनदारांना ७५०. हे झालं रेडीमेड. आणि ज्या शेकडो गावांत घरं उभी होती पण खिळखिळी झाली होती, तिथे सरकारनं पैसा आणि सामान टप्प्याटप्प्यानं दिलं, इंजिनिअरनं सल्ला दिला, काम मात्र ज्याचं त्यानं करून घ्यायचं. हे झालं शिवून. लाखभराहून जास्त घरं अशी दुरुस्त झाली.

मग कुठलं बरं? मी पत्रकार, मला उत्तर एका ओळीत हवं असतं. मावशीनं ते दिलं नाही. तिचं घर चारशे फुटांचं. पण ते चारशे फूट शोधावे लागतात! पुढे पत्र्याची ओसरी, मागे चुलीची खोली, बाजूला गोठा, भोवती भिंत, दारात तुळस. शेजारचं घरही तेवढंच मिळालेलं, पण ते भलत्याच दिशेला वाढलंय, जिन्यासकट. गल्लीत एकसारखी दोन घरं मला दिसली नाहीत.

‘आलो तवा सगळी सारखीच होती गं,’ मावशी म्हणाली. ‘रातीचं बाहेरून आलं की दुसऱ्याच्याच दारात उभं. सरकारनं खोल्या दिल्या. घर मागून झालं, हळूहळू.’

‘आणि मामाचं?’ मी विचारलं. ‘त्यानं तर स्वतः करून घेतलं ना?’

मावशी हसली. ‘त्यानं काय केलं? शेजाऱ्याचं बघून तसंच केलं.’

भाऊ परतीच्या वाटेवर बराच वेळ गप्प होता. मग हेल्मेटमधून ओरडला, ‘म्हणजे दोघंबी हरलो का काय आपण?’

पाच दगड

तिसरा दिवस वेळ अमावस्येचा. मार्गशीर्षातली ही अमावस्या म्हणजे लातूर-धाराशिवची खरी पिकनिक. सीमेपलीकडे कर्नाटकातही हा सण करतात. गावं ओस पडतात, सगळं माणूस शेतात. ज्याला शेत नाही त्याला शेतवाल्याचं आमंत्रण. तुम्ही कधी गेला नसाल, तर सांगते, आपली कॉर्पोरेट ‘टीम आउटिंग’ याच्यापुढे अगदीच पाणचट आहे.

शेतात कडब्याच्या पेंढ्यांची छोटी कोप करतात. आत पाच दगड मांडतात, चुन्यानं रंगवलेले. हे पाच पांडव. त्यांची पूजा, मग जेवण. भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हेत. हिरव्या शेंगा, दाणे, भाज्या, पालेभाज्या घालून बेसनात शिजवलेला दाट प्रकार. सोबत बाजरीचे उंडे आणि मडक्यातलं थंडगार आंबील, ताक आणि ज्वारीच्या पिठाचं. ताटाला ताट लावून, ज्वारीच्या सावलीत. झोप अशी येते की विचारू नका.

मी कोपीसमोर बसले होते. दगडांकडे बघता बघता डोक्यात आलं, ही तर पाच जणांची पार्टी आहे. फँटसी गेममध्ये सोबत्यांच्या टोळीला हेच म्हणतात. धर्मराज, भीम, अर्जुन, नकुल, सहदेव. पण चेहरा एकालाही नाही. नाक नाही, केस नाहीत, एकही स्लायडर कोणी फिरवलेला नाही. तरी मामाच्या सहा वर्षांच्या नातीला विचारलं, यातला भीम कुठला, तर तिनं पटकन सगळ्यात मोठ्या दगडावर बोट ठेवलं. चेहरा लागलाच नाही. गोष्ट माहीत होती तेवढं पुरलं.

आजीला मी आमचं भांडण सांगितलं. तिला लॅपटॉप म्हणजे ‘त्येचं ते टीव्ही’. पण ती म्हणाली, ‘भारूडात सोंग तयारच असतंय की. वासुदेव म्हणलं की वासुदेव. नाथांनी लिहून ठेवलंय. पण कोण उभं ऱ्हातंय त्यावर हाय सगळं. एकाचा वासुदेव बघून लोकं रडतेत, दुसऱ्याचा बघून उठून जातेत.’

पैठणच्या एकनाथ महाराजांनी सोळाव्या शतकात ही सोंगं बांधून दिली. वासुदेव, जोशी, गोंधळी. पात्र ठरलेलं, कपडे ठरलेले. चारशेहून जास्त वर्षं वेगवेगळी माणसं त्यात शिरतायत. आणि मला वाटत होतं, तयार पात्र घेणं म्हणजे दुसऱ्याचं आयुष्य जगणं.

जेवण झाल्यावर मामा बांधावर पान जुळवत बसला. भाऊ त्याच्याजवळ गेला. मी लांब होते, शब्द ऐकू आले नाहीत. भाऊ बोलत होता, हातवारे करत होता. मामा अडकित्ता चालवत राहिला. मग अडकित्ता थांबला. मामा उठला आणि काही न बोलता विहिरीकडे चालू लागला. संध्याकाळी टेंभा पेटवून शेताभोवती फिरवतात, तेव्हा तो मामाच्याच हातात होता. भाऊ मागून चालत होता, चार पावलं अंतर ठेवून. मामीनं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. मी काही समजावलं नव्हतं, खरंच.

तिसरं दार

त्या रात्री भाऊ म्हणाला, ‘चल, नवीन डाव. कुणीच जुनं घ्यायचं नाही.’

गेममध्ये आणखी एक निवड आहे, जिच्याकडे आम्ही भांडणाच्या नादात बघितलंच नव्हतं. तिचं नाव ‘डार्क अर्ज’. चेहरा, वंश, पेशा, नाव सगळं तुमच्या मर्जीचं. भूतकाळ मात्र गेमनं आधीच लिहून ठेवलेला, आणि पात्राला तो आठवत नाही. आतून एक भयंकर ओढ उसळत राहते, रक्तपाताची. तिला शरण जायचं की दर वेळी दात-ओठ खाऊन नाही म्हणायचं, हे तुम्ही ठरवायचं. शिलाई तुमची, कापड घरचं.

या गेममध्ये एक गोष्ट मला जाम आवडते. वाटेत विदर्स नावाचा एक वाळकासा म्हातारा भेटतो. १०० सोन्याची नाणी दिली की तो तुमचा पेशा बदलून देतो, २७ गुण पुन्हा वाटू देतो. पैलवानाचा पंडित करतो. पुढे कंपनीनं एक जादूचा आरसाही दिला, त्यात बनवलेल्या पात्राचा चेहरा बदलता येतो. पण तुमच्या आधी काय घडलं ते बदलून देणारं दुकान त्या अख्ख्या जगात कुठेच नाही.

मी पटकन विल घेतला. म्हटलं, बघू तरी तोंड बंद ठेवून कसं वाटतं. आणि जो पोरगा तीनदा तयार माणूस घेऊन खेळला, तो डार्क अर्जचा चेहरा बनवायला बसला. अर्धा तास झाला. तास झाला. बुटका, रुंद खांद्यांचा, पिकलेल्या केसांचा एक माणूस हळूहळू पडद्यावर आला.

दारात मामा उभा होता. कधी आला कळलंच नाही. दिवसभरात त्यानं पोराशी एक शब्द काढला नव्हता.

‘ह्यो कोण?’

‘ठरायचंय अजून.’

मामा वाकून स्क्रीनकडे बघत राहिला. ‘मिशा माझ्या कामून लावल्यास त्याला?’

भावानं उत्तर दिलं नाही. मामाही गेला नाही. खताच्या पोत्यावर बसला आणि म्हणाला, ‘नाकबी जरा मोठं कर.’

सकाळी मामा मला स्टँडवर सोडायला आला. बस येईपर्यंत पावसाचं बोलला, तुरीच्या भावाचं बोलला. बस दिसली तेव्हा माझी बॅग उचलून देताना विचारलं, ‘सहा महिने म्हणजे सहाच ना गं?’

‘करारात तेवढेच आहेत मामा.’

‘कराराचं काय,’ मामा म्हणाला. ‘अर्ज भरून ठेवायला सांगतो त्याला. तो मंजूर व्हायला तसंबी दिवस लागतेत.’

निवडायचंच असेल तर

पहिल्यांदा खेळताय? स्वतःचं पात्र बनवा. मग सहाही जणांच्या गोष्टी त्यांच्याच तोंडून ऐकता येतील. गेम एकदा संपला की तयार पात्र घ्या, बाहेरून ऐकलेलं आतून कळेल. डार्क अर्ज मधली वाट आहे, पण रक्तबंबाळ. मन घट्ट असेल तरच. आणि चेहरा ठरवण्यात तास घालवणार असाल, तर निदान ओळखीच्या कुणाचा तरी ठेवा.

कसं जाल?

पुण्याहून टेंभुर्णी, कुर्डुवाडी, बार्शीमार्गे धाराशिव. मुंबईहून लातूर एक्स्प्रेस रात्रीत धाराशिवला पोचवते. तिथून बेंबळीला बस. बेंबळीत हॉटेल शोधू नका, मामा शोधा. आसपास तुळजापूर, नळदुर्गचा किल्ला, गोरोबाकाकांचं तेर आणि धाराशिवची लेणी दोन दिवसांत आरामात होतात. जायचं तर मार्गशीर्ष अमावस्येला जा, आणि शेतात कोणी जेवायला बोलावलं तर नाही म्हणू नका.